कोरियाहून आलेला झुंदुई

झुंदुई कोरियाला गेला, ही थाप माझी. हे आधीच कबूल करते, कारण आता आमच्या गल्लीत जो तो ते श्रेय आपल्याकडे ओढतो.

मी दुंगामा. मंगोलियात उलानबातरच्या उत्तरेच्या टेकडीवर नळ अजून चढलेला नाही, तिथल्या पाण्याच्या टपरीत बसते. लोक हातगाडीवर कॅन घेऊन येतात, मी खिडकीतून पाइप सोडते. कॅन भरेपर्यंत माणूस पोटातलं सगळं ओकून मोकळा होतो. झुंदुईला चार वर्षांची शिक्षा झाली हे त्याच्या बायकोने, ओत्गोनने, मला असंच सांगितलं. कॅन भरून वाहायला लागला तरी बाईचं लक्ष नाही.

"काकू, शिक्षेचं काही नाही, भोगेल. पण सासूबाईंना काय सांगू?"

प्रश्न खरा होता. झुंदुईची आई पागमाबाई दूर माळावर घोडे राखते, आणि झुंदुईने आपल्या ट्रकमधून चोरीचे अकरा घोडे वाहिले होते. घोडे कुणाचे, हे विचारायचं त्याने जाणूनबुजून टाळलं होतं. पोराने कुणाचं डोकं फोडलं असतं तर म्हातारीने "रागाच्या भरात झालं असेल" म्हणून गिळलं असतं. पण घोडे! घोडेचोराला ती बाई आपल्या चुलीवरचा चहा देत नाही. मुलगाच तसा निघाला तर त्याचं नावच टाकेल.

मी म्हटलं, "कोरियाला गेला म्हणून सांग. अर्धी गल्ली तिकडेच तर आहे."

"फोन का करत नाही म्हणाल्या तर?"

"म्हणावं, कारखान्यात फोन काढून घेतात." ह्यात खोटं काय होतं, सांगा बरं?

चार वर्षं ही थाप ठणठणीत चालली. यंदा जानेवारीत झुंदुई सुटून आला, आणि त्याला कोरियाचं ओ की ठो माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी गडबड. आमच्या गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, शिरताना कुणी विचारत नाही. कुत्रं आवरा म्हणून ओरडायचं आणि सरळ आत घुसायचं. हा पठ्ठ्या शेजारच्या सोदनोमच्या दारात गेला, टोपी काढली, टाचा जुळवल्या, पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाला, "आत यायची परवानगी आहे का?"

सोदनोमच्या बायकोच्या हातून कालथा पडला. मी तिथेच बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोरियन शिस्त!"

झालं. तेव्हापासून त्याची प्रत्येक खोड कोरियन ठरली. पहाटे उठून पांघरुणाची विटेसारखी चौकोनी घडी घालतो? कोरियात असंच. वाडग्याभोवती हात लावून पाच मिनिटांत जेवण संपवतो? तिकडे वेळेला फार किंमत. दोन्ही हात पाठीमागे बांधून चालतो? वडीलधाऱ्यांचा मान, दुसरं काय. संध्याकाळी सहाला गेरच्या बाहेर येऊन ताठ उभा राहायचा, कुणीतरी मोजायला येईल म्हणून. लोक म्हणाले, व्यायाम करतो. आठवडाभरात त्याच्या शेजारी आणखी तिघे उभे राहायला लागले, आणि त्यातल्या एकाची कंबर खरोखर सुधारली.

शिवण तर त्याची अशी की विचारू नका. आत चार वर्षं हातमोजे शिवले होते. गल्लीतल्या सगळ्यांचे सणाचे अंगरखे त्याने शिवून दिले. बायका टाके उलटेपालटे करून बघायच्या आणि म्हणायच्या, "काही म्हणा, परदेशी हात वेगळाच."

झुंदुई मात्र खंगत चालला होता. टपरीच्या खिडकीला कपाळ टेकून म्हणाला, "काकू, आत निदान खोटं बोलावं लागत नव्हतं."

"मग सांग खरं."

"सणाला आई येतेय. तिने माझ्याकडे पाठ फिरवली तर मी सुटलो काय, न सुटलो काय, सारखंच."

मी नुसता त्याचा कॅन भरून दिला.

पांढऱ्या महिन्याचा सण आला. नववर्षाच्या पहिल्या दिवशी लहानाने मोठ्याच्या समोर जायचं, दोन्ही हात पुढे करून त्याची कोपरं खालून तोलायची, खुशाली विचारायची. मोठा गालाचा वास घेतो. मगच चहा, मगच बसणं. पागमाबाई पहाटेच गाडी करून आल्या होत्या. लाकडाच्या ढलपीसारखी वाळलेली, ताठ बाई. झुंदुईने हात पुढे केले, तिने कोपरं टेकवली, त्याच्या गालाचा वास घेतला आणि जरा जास्तच वेळ घेतला. ओत्गोनचा चेहरा पिठासारखा झाला.

मग सगळे बसले. मेंढीची अख्खी पाठ मध्ये, मटण भरलेले मोदकासारखे बूझ वाफाळत होते. तेवढ्यात सोदनोम आला. हा दोन वर्षं कोरियात अळिंबीच्या शेडमध्ये राबून आलेला, अस्सल माल. रिवाजाप्रमाणे तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण झाली आणि त्याने तोंड उघडलं.

"काय झुंदुई, कुठल्या शहरात होतास रे?"

"शहर... भिंतीच्या आतच होतो. बाहेर सोडत नव्हते."

"खरंय! आमचाही मालक तसलाच. आणि जेवण?"

"कोबी. रोज कोबी."

"अरे बाबा, कोबी!" सोदनोमने मांडीवर थाप मारली. "नुसत्या आठवणीने पोट फुगतं माझं. खोलीत किती जण?"

"अठरा."

"अठरा? आम्ही फक्त सहा होतो. तुझे हाल माझ्याहून वाईट, गड्या." सोदनोमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने उठून झुंदुईला मिठी मारली. मी बूझ तोंडात कोंबून खाली बघत राहिले. चार वर्षं मला ज्यासाठी थापा माराव्या लागल्या ते झुंदुईने एक अक्षर खोटं न बोलता साधलं.

संकट टळलं असं वाटलं आणि पागमाबाई बोलल्या.

"पोरा, परक्या मुलखात घाम गाळलास. कष्टाची भाकरी खाल्लीस. मी तुझ्यासाठी काही राखून ठेवलंय. माझ्या कळपातला तो तपकिरी घोडा, सगळ्यात चांगला. आजपासून तुझा."

सोदनोम "वा, वा" करत होता. मी डोळ्यांनी खुणावत होते, घे, मूर्खा, घे आणि गप्प बस.

तो म्हणाला, "आई, मला घोडा देऊ नकोस."

"का?"

"मी कोरियाला गेलोच नाही. तुरुंगात होतो. चोरीचे घोडे माझ्या ट्रकमध्ये होते. मला माहीत होतं, आई."

सोदनोमने हळूच विचारलं, "मग कोबी?" त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

पागमाबाईंनी वाडगा खाली ठेवला. "कुणाचे घोडे?"

"पलीकडच्या तालुक्यातल्या गेंदेनपिलचे. अकरा. दहा परत मिळाले. एक घोडी ट्रकमध्ये मेली."

"गेंदेनपिल जिवंत आहे?"

"आहे."

"वयाने तुझ्याहून मोठा. सणात त्याला भेटायला कोण जाणार, मी?" मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि हा कोरिया कुणाच्या डोक्यातला?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. शेजारधर्म म्हणतात तो हा.

"तूही चल," पागमाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे उणे तीसमध्ये दिवसभर गाडी हाणत गेलो. वाटेत पागमाबाई मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, ते लिहिण्यासारखं नाही.

गेंदेनपिल आपल्या गेरमध्ये एकटाच होता, ऐंशीच्या घरातला. पागमाबाईंनी एका वाक्यात सांगितलं, हा कोण आणि का आला. झुंदुईने मानाचं निळं रेशमी वस्त्र हातांवर घेतलं, हात पुढे केले आणि वाकून उभा राहिला. म्हाताऱ्याचे हात मांडीवरच. त्याने ते उचलले नाहीत. झुंदुईचे हात अवघडले तरी त्याने खाली घेतले नाहीत, आणि मी रडायला लागले. सांगायला लाज कसली?

मग म्हातारा म्हणाला, "मेली ती पिवळी घोडी. तिचं शिंगरू मागे राहिलं होतं."

झुंदुई आणखी खाली वाकला. म्हातारा पुढे सांगत राहिला.

"माझ्या बायकोने त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं. गेल्या वर्षी ती गेली. आता ते कुणाला जवळ येऊ देत नाही. माझ्या मुलाला पाडलं, नातवाला पाडलं. उन्हाळ्यात ये. तूच त्याला माणसात आण."

"आजोबा, मी चार वर्षं घोड्यावर बसलो नाही. मलाच पुन्हा शिकावं लागेल."

"मग दोघे मिळून शिका," म्हातारा म्हणाला, आणि त्याने आपले हात झुंदुईच्या हातांवर ठेवले.