वहिनी कॉलेजात जातात

त्यांना सगळे वहिनी म्हणत. नवरा सगळ्यांचा दादा, म्हणून या वहिनी. दादा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि या देशात येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. एका मंगळवारी सकाळी कामावर निघताना तो दाराशी बूट घालायला बसला आणि तसाच भिंतीला टेकला. एक बूट पायात, दुसरा हातात. वहिनींना आधी वाटलं, डुलकी लागली.

पुढचे दहा-बारा दिवस माणसं येत-जात राहिली. वहिनी सगळ्यांना चहा करून देत होत्या. शेजारीण म्हणाली, "वहिनी, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल." वहिनींनी मान हलवली आणि साखर पुरे का, विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. दोन ओळी सांत्वनाच्या, बाकी सगळं व्हिसाचं. दादाच्या नोकरीमुळे वहिनींना जो व्हिसा होता, त्याचं नावच 'अवलंबित'. आता ज्याच्यावर अवलंबून राहायचं तोच राहिला नव्हता. तेव्हा नव्वद दिवसांत देश सोडा, नाहीतर दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करा.

पत्र मुलीने वाचून दाखवलं. मुलगी सोळा वर्षांची, घरात तिला चिमी म्हणत.

"म्हणजे तू बाबांवर होतीस. आणि मी?"

"तूही बाबांवरच."

"माझी शाळेची दोन वर्षं राहिलीयत."

"हो गं."

"मग आता?"

वहिनींनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मग आता कणीक भिजवते," म्हणाल्या आणि उठल्या.

शेजारणीनेच एक वकीलबाई गाठून दिली. बाई भराभर बोलणारी, पण कामाची. "नोकरीच्या व्हिसाला आधी नोकरी लागते, आणि नोकरी द्यायला ते आधी व्हिसा मागतात. त्या फंदात पडू नका. तुम्ही शिका."

"काय शिकू?"

"काहीही. कॉलेजात प्रवेश घ्या. तुम्ही परदेशी विद्यार्थिनी झालात की मुलगी तुमच्यावर. दोघी राहाल."

"मी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"फॉर्मवर वय विचारलंय. अट नाही घातलेली."

लग्नाआधी वहिनी तिकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत्या. रक्त घ्यायचं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या. हात हलका म्हणून लहान मुलं त्यांच्याकडेच पाठवत. तेव्हा लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा डिप्लोमा ठरला. कॉलेजला जुनं पदवीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते सासरच्या घरी माळ्यावरच्या पेटीत.

धाकट्या दिरांना फोन केला. भाऊजी ऐकून घेत होते, मग एकदम उसळले. "वहिनी, दादा गेला. आता तिथं कोण आहे तुमचं? इथं घर आहे, आम्ही आहोत. या वयात दप्तर घेऊन कुठं निघालात? लोक काय म्हणतील?"

"चिमीची शाळा आहे, भाऊजी."

"शाळा काय इथं नाहीत?"

फोन कानाशी धरून वहिनी नळातून थेंब पडताना बघत राहिल्या. शेवटी भाऊजीच "बघतो" म्हणाले. ते बघणं तीन आठवडे चाललं. नव्वदातले पंचावन्न दिवस गेले.

मग एका दुपारी कुरियर आलं. आत प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आणि लॅबमालकाने दिलेला अनुभवाचा दाखलाही. तो आहे हे वहिनी विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी फोन लावला तर सासूबाईंनी उचलला.

"मिळालं का गं?"

"मिळालं, आई. भाऊजींनी..."

"त्याने नाही. मी शेजारच्या बाईला माळ्यावर चढवलं. तो घरी नसताना." मग म्हणाल्या, "तुझी नोकरी मीच सोडायला लावली होती. आठवतंय मला. तू कधी बोलली नाहीस, पण मला आठवतंय."

वहिनी म्हणाल्या, "असू दे आई." काहीतरी वाटायला हवं होतं, इतकं त्यांना कळत होतं. पण दात काढताना गाल बधिर झालेला असावा, तसं सगळं झालं होतं. कुणी हात लावला तर लावलेला कळायचा, एवढंच.

अर्जाबरोबर एक पत्र लिहायचं होतं: आताच का शिकायचंय? वहिनींनी लिहिलं, 'मला आणि माझ्या मुलीला इथे राहायचं आहे.' वकीलबाईने त्या ओळीवर काट मारली.

"असं नाही लिहायचं. विद्यार्थी शिकतो आणि परत जातो. परत जाणार असं लिहा."

"राहण्यासाठी जाणार म्हणून लिहायचं?"

"तसंच असतं ते."

वहिनींनी तसं लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

अर्ज ब्याऐंशीव्या दिवशी गेला. निकाल लागेपर्यंत राहायला परवानगी होती, वर्गात बसायला नव्हती. कॉलेज सुरू झालं, एक महिना गेला, दुसरा गेला. कॉलेजने नाव पुढच्या सत्रात ढकललं. चिमी शाळेत जाई, वहिनी घर पुसून काढत, आणि पुसून झालं की आणखी एकदा पुसत.

मुलाखतीचं बोलावणं आलं. काचेपलीकडे चष्मा लावलेला अधिकारी, हातात त्यांचंच पत्र.

"एवढ्या वर्षांनी शिक्षण?"

"हे काम मला येतं. पण इथला कागद नाही."

"कोर्स संपल्यावर?"

"परत जाईन."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"सासूबाई," वहिनी म्हणाल्या. उत्तर पाठ केलेलं नव्हतं. अधिकाऱ्याने एकदा वर बघितलं आणि टाइप करायला लागला.

आणखी पाच आठवड्यांनी मंजुरी आली. चिमी घरभर नाचली. वहिनींनी ईमेल दोनदा वाचून बंद केला.

वर्गात पहिल्या दिवशी एका मुलीने त्यांनाच विचारलं, "मॅडम, हजेरी कुठे लावायची?" वर्ग हसला, वहिनीही हसल्या. दुसऱ्या महिन्यात रबरी हातांवरचा सराव संपला आणि मुलं एकमेकांचं रक्त घ्यायला बसली. हजेरी विचारणारी तीच मुलगी वहिनींच्या वाट्याला आली. सुई बघूनच पांढरी पडलेली. वहिनींनी दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, आणि "श्वास घे" म्हणेपर्यंत नळी भरलीसुद्धा.

"झालं? मला कळलंच नाही!"

मग तिची पाळी. पहिल्यांदा शीर सटकली, दुसऱ्यांदा सुई आरपार गेली, तिसऱ्यांदा जमलं. पोरगी रडवेली झाली. वहिनी म्हणाल्या, "काही झालं नाही गं." आणि खरंच त्यांना काही झालं नव्हतं.

संध्याकाळी ताटं मांडताना बाही वर सरकली. कोपराच्या आत काळंनिळं झालेलं.

"आई! हे काय?"

"शिकतायत पोरं."

"दुखत नाही?"

"नाही."

चिमीने अंगठा ठेवला आणि दाबला. "आता?"

"नाही गं."

तिने जोरात दाबलं. अगदी दात-ओठ खाऊन. "आता?"

"दुखतंय," वहिनी म्हणाल्या. "चिमे, दुखतंय." आणि चिमीच हुंदके द्यायला लागली. वहिनींनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचे स्वतःचे डोळे त्या दिवशीही कोरडेच होते.

डिप्लोमा झाला. चिमी आता आपल्या नावाच्या व्हिसावर दुसऱ्या शहरात शिकते. वहिनी एका दवाखान्याच्या तळमजल्यावर सकाळी सात ते तीन रक्त घेतात, नोकरीच्या व्हिसावर. तिथे त्यांना वहिनी म्हणणारं कुणी नाही. दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो. भाऊजी मागून काहीतरी विचारतात, सासूबाई त्यांना गप्प करतात आणि म्हणतात, "तू सांग गं. आज किती जणांचं काढलंस?" रविवारी लॅब बंद असते. हे वहिनींनी पुष्कळदा सांगून पाहिलं. आता त्या कालचा आकडा सांगतात.