चंद्रशेखर आणि जपानी भेंड्या

चंद्रशेखर मोहोळकरांनी पुण्यात ना धड एखादी इमारत उभी केली, ना ऑकलंडला येऊन धड एखादी बढती मिळवली. एका कंपनीत बसून ते दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासत. पण मराठी मंडळाच्या सहलीत भेंड्यांमध्ये त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं, आणि एवढ्या भांडवलावर हा माणूस बावीस वर्षं छाती काढून चालत होता.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाणं दोन ओळींचं, आवाज फाटका, आणि शेवट नेमका ‘ठ’वर. मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोटांवर मोजायचं, एक, दोन, तीन, थेट दहापर्यंत, आणि ‘भेंडीऽ!’ म्हणून मांडीवर थाप. पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या सत्तरीच्या मंदाकाकूंवर त्यांनी अशी भेंडी चढवली होती. सात वर्षांच्या ऋग्वेदावर, स्वतःच्या पोटच्या पोरीवर, चढवली होती. ती रडली तेव्हा ‘हरायलाही शिकलं पाहिजे’ असं म्हणाले. स्वतः ते कधी शिकले, हे त्यांच्या बायकोला, दमयंतीबाईंना, एकतीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं.

दमयंतीबाईंकडे दोन कामं असत. नवऱ्यासाठी गाण्यांची चिठ्ठी धरायची आणि टाळ्या वाजवायच्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ‘तुला सूर नाही’ असा निकाल लागला होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

आता ऋग्वेदा वेलिंग्टनला सरकारी खात्यात नोकरी करत होती आणि दाइची नावाच्या सहकाऱ्याशी लग्न करणार होती. दाइची लहानपणापासून इथलाच. त्याची आई फुमिको एका लायब्ररीत कामाला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या भेटीत चंद्रशेखरांनी या बाईला जपानी पूल कसे चुकतात ते दीड तास समजावलं होतं. तिचा नवरा पूल बांधायचा, हे त्यांना निघताना कळलं. या वेळी ती मायलेकरं ऑकलंडला येणार होती, आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी कराओकेला जायचं ठरलं होतं. दाइचीच्या घरात एक खेळ चाले: आधीच्या गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराचं गाणं पुढच्यानं गायचं, एकदा झालेलं गाणं पुन्हा नाही.

‘‘म्हणजे भेंड्याच की!’’ चंद्रशेखरांचे डोळे चमकले. ‘‘मला जपानी गाण्यांची यादी पाठव. अक्षरवार.’’

‘‘बाबा, प्लीज, इट्स नॉट अ मॅच,’’ ऋग्वेदा फोनवर म्हणाली. मग आईला वेगळा फोन करून मराठीत बोलली. ती मराठीत बोलली म्हणजे प्रकरण गंभीर असे. ‘‘आई, त्यांना आवर. मागच्यासारखं झालं, तर आम्ही इकडेच सह्या करून मोकळे होऊ. तुम्ही कोणी येऊ नका.’’

दमयंतीबाईंनी निरोप दिला. ‘‘लेकीचं लग्न बघायचंय ना? मग हरा एकदा,’’ त्या म्हणाल्या. चंद्रशेखरांनी नाक मुरडलं.

यादी आली. कोणीतरी सुबक इंग्रजी अक्षरांत हातानं लिहिलेली, दोन-दोन ओळींसकट. ‘का’ची सहा गाणी, ‘मि’ची पाच, ‘से’ची चार. ‘रु’चं एकच. चंद्रशेखरांनी ती देवनागरीत उतरवून काढली आणि महिनाभर घोकली, अर्थ शून्य. शिवाय इंटरनेटवर शोधून त्यांनी स्वतःच्या अकलेनं भर घातली, ती अशी की ‘रु’वर संपणारी तीन गाणी मिळवली. ‘रु’नं सुरू होणारी गाणी जपानीत फार थोडी, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ‘‘हा त्यांचा ‘ठ’,’’ ते हात चोळत म्हणाले.

रविवारी त्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी मुलीकडचे आणि मुलाकडचे अशा दोन बाजू पाडल्या. ऋग्वेदानं आईकडे बघितलं. आईनं चिठ्ठीत डोकं घातलं.

फुमिको पूर्ण गाणं गायची, बारीक, नीटस आवाजात. चंद्रशेखर दोन ओळी झाल्या की मशीनचं बटण दाबून गाणं बंद करत आणि विजयी मुद्रेनं बसत. त्यांच्यासाठी डफली हातात घेऊन सरसावलेली ती बाई दर वेळी डफली हळूच खाली ठेवायची. खेळ रंगला, आणि चिठ्ठी धरून बसलेल्या दमयंतीबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. फुमिकोचं गाणं दर वेळी ‘का’वर संपत होतं. नाहीतर ‘मि’वर, नाहीतर ‘से’वर. म्हणजे चिठ्ठीत जिथे गाणी भरपूर होती, तिथेच.

मध्ये दाइचीच्या चुकीनं एकदा ‘रु’ आला. फुमिको दचकली. पण चंद्रशेखरांनी यादीतलं ते एकुलतं एक गाणं ठणकावलं, तेव्हा तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या.

नंतरच्या पाळीला चंद्रशेखरांनी शस्त्र बाहेर काढलं. दमयंतीबाईंनी त्यांची बाही ओढली. ‘‘अहो, नको.’’ त्यांनी बाही सोडवून घेतली आणि ‘रु’वर संपणारं गाणं गाऊन टाकलं.

दाइची आईच्या मदतीला सरसावला, तर ‘‘नो प्रॉम्प्टिंग!’’ म्हणून चंद्रशेखरांनी त्याला गप्प केलं.

‘‘एक! दोन! तीन!’’

ती हसून मान हलवत राहिली. बावन्न-त्रेपन्न वर्षांची बाई, परीक्षेत अडकलेल्या मुलीसारखी माइक मांडीवर धरून. ऋग्वेदाचा चेहरा सात वर्षांच्या पोरीचा झाला होता.

‘‘दहा! भेंडीऽ!’’

मांडीवर थाप पडली. फुमिकोनं वाकून अभिनंदन केलं आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

‘‘बाबा,’’ ऋग्वेदा मराठीत म्हणाली, ‘‘ती यादी त्यांनी लिहिली होती. तुम्ही अडू नये म्हणून. त्यांना ‘रु’चं एकच गाणं येतं. ते त्यांनी तुम्हाला दिलं होतं.’’

‘‘पण नियमानं जिंकलो ना?’’ चंद्रशेखर म्हणाले. त्या क्षणी दमयंतीबाईंना आपल्या नवऱ्याची शिसारी आली, अगदी स्वच्छ, आणि इतकी वर्षं वाजवलेल्या टाळ्यांबद्दल स्वतःचीही.

तीन आठवडे ऋग्वेदाचा फोन नाही. चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. आत लग्नाचं आमंत्रण आणि लेकीची चिठ्ठी: ‘आई, तू ये. बाबांना बोलवायचं की नाही ते मी फुमिकोसानवर सोडलं होतं. त्या म्हणाल्या, बोलव.’ सोबत त्याच सुबक अक्षरातली नवी यादी होती, लग्नाच्या दिवशी खेळायची. ‘रु’खाली आता तीन गाणी होती, आणि प्रत्येकापुढे एक नाव.

चंद्रशेखरांनी यादी हिसकावून घेतली. ‘‘बघितलंस? घाबरली बाई! नवीन गाणं पाठ करून बसलीय.’’

दमयंतीबाईंनी कागद काढून घेतला. पहिल्या गाण्यापुढे चंद्रशेखर, दुसऱ्यापुढे फुमिको. तिसऱ्यापुढे दमयंती असं लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून, खुर्ची ओढून, त्या अक्षरं लावत आपल्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणायला लागल्या.

‘‘हे काय? तुला कुठे गाता येतं?’’

‘‘तुम्ही मोजा,’’ त्या वर न बघता म्हणाल्या. ‘‘मी पूर्ण गाणार आहे.’’