शिजलेल्या रबराचा वास

माझे पती चाकणच्या एका कारखान्यात जुन्या टायरांचं रबर शिजवायचे. शिजवणं हा त्यांचाच शब्द. तारा काढून केलेला टायरांचा भुगा तेल घालून मोठ्या बंद भांड्यात वाफेवर ठेवत. त्या भांड्याला सगळे कुकरच म्हणत. मऊ झालेल्या भुग्याचे पातळ पत्रे लाटले जात आणि टायर कंपन्या ते नव्या टायरांत थोडे थोडे मिसळत. कच्चं राहिलं तर नव्या टायरात गुठळ्या, जास्त शिजलं तर रबरातला जीव जातो. प्रयोगशाळेत दिवसाचा एकच नमुना जाई. बाकी प्रत्येक कुकर उघडला की माल झाला की नाही, हे पती वासावरून सांगत. शिफ्टमधले म्हणायचे, "भाऊ, तुमच्या नाकाचा विमा काढला पाहिजे कंपनीने."

एका संध्याकाळी आमच्या रहाटणीच्या घरात फोडणी जळाली आणि शेजारी बसलेल्या त्यांना कळलं नाही. करोनात कितीतरी जणांचा वास गेला होता आणि परतही आला होता. आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांचा आला होता.

"येईल," मी म्हटलं.

"येईल तवर कुणाला बोलू नको."

पन्नाशी उलटलेली, कंबर धरलेली. कुकरवरून काढलं तर भुग्याची पोती उचलावी लागतील, ही त्यांची भीती.

मग ते रोज कागदात गुंडाळून रबराचे तीन-चार तुकडे घरी आणू लागले. नाकाचं काम बोटांना शिकवायचं होतं. कच्च्याला पंक्चरच्या दुकानाचा वास येतो, नीट शिजलेल्याला तेलकट आणि जरासा गोडसर, जळालेला नाकात टोचतो, असं त्यांनी आठवून आठवून मला सांगितलं. ते तुकडा ताणून, चिमटून आपला निकाल सांगत. मग माझी पाळी.

"काय बघायलीस? वास घे की."

मी घेई. दोन महिन्यांत बोटं क्वचितच चुकू लागली.

"बाई, आज किती मार्क?"

"दहापैकी नऊ."

"एक का कापला?"

"हात न धुता बसलात म्हणून."

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. त्यांच्या शिफ्टा, माझी पुस्तकं. इतका वेळ आम्ही समोरासमोर कधी बसलो नव्हतो. वर्ष उलटलं तरी वास आला नाही आणि डॉक्टरांना दाखवू या असं मी एकदाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तो परत यावा याची मला घाई राहिली नव्हती.

पुढे डोकं दुखू लागलं. एका सकाळी ते कंपनीच्या बसची वाट पाहताना कोसळले. पिंपरीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीचं चित्र दाखवलं. नाकाच्या वर, कपाळामागे मोठी गाठ होती.

"वास येतो का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. "कधीपासून येत नाही?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तेच बोलले.

"महिना झाला असंल. हिला नाही सांगितलं मी."

"घरात सांगायचं असतं हो," डॉक्टर म्हणाले. पूर्वीच आला असतात तर गाठ लहान असती, असंही म्हणाले. पती शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून हसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी कागदावर एक महिना लिहिलं. मी लिहू दिलं.

शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

नणंद लातूरहून येते तेव्हा अजून रडते आणि त्यांच्यावर चिडतेही. "समद्यांपासून लपवलं ते लपवलं, बायकोला तरी सांगायचं होतं त्यानं." मी ऐकून घेते. भावावरचा तिचा हा राग माझ्या वाट्याचा आहे. ती या महिन्यात पुन्हा यायची आहे. तोंडाने मला सांगता येणार नाही, म्हणून हे लिहिलं. तिला वाचायला देणार आहे.