कोणत्या कामानं आले जी?

यवतमाळच्या घरात बसून मी वेबसाइट बनवते. एका नर्सिंग कॉलेजची साइट करून दिली तेव्हा माझी मान जरा ताठच होती. पासवर्डाशिवाय चिटपाखरूही आत शिरणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

त्या दुपारी तीनला, साइटवर मदतीसाठी दिलेल्या माझ्या नंबरावर, केळापूरकडच्या एका मुलीचा फोन आला. तिला त्या कॉलेजात जागा मिळाली होती. पाचच्या आत साइटवर होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार.

"मॅडम, लिंक दाबली का लॉगिन मागते. लॉगिन केलं का पहिल्याच पानावर नेऊन टाकते. होकाराचं पान दिसूनच नाही राह्यलं."

"नीट बघा, तिथेच असेल," म्हणून मी फोन ठेवला. माझं डोकं तसं लवकर तापतं, चूक माझी असली की जास्तच. मग स्वतः साइट उघडून पाहिली, तर ते पान मेनूत नव्हतंच. त्याला रस्ता फक्त कॉलेजने पाठवलेल्या मेसेजमधल्या लिंकचा, आणि तो मीच लॉगिनपाशी तोडून ठेवला होता.

बाबा शेजारी अंबाडीची भाजी निवडत होते. बाभुळगावला एका कचेरीच्या दारावर, नोंदवहीपाशी, त्यांनी सगळी नोकरी काढली. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "तुनं तिले नाव विचारलं, पासवर्ड विचारला. कायले आली ते काहून नाही विचारलं?"

मला त्यांचं टेबल आठवलं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. खेड्यावरून आलेली माणसं सही-अंगठ्याच्या गडबडीत बावरायची आणि आत जाऊन भलत्याच बाकावर बसून राहायची. म्हणून बाबा नोंदवही पुढे करण्याआधीच विचारायचे, "कोणत्या कामानं आले जी?" मग त्यांच्या एसटीच्या तिकिटामागे पेन्सिलीने टेबलाचा नंबर लिहून द्यायचे. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी कोड उघडला. लॉगिनकडे पाठवण्याआधी मुलगी कोणतं पान मागत होती ते टिपून ठेवायचं, ते आपल्याच साइटचं आहे ना एवढं बघायचं, आणि लॉगिन झालं की तिला तिथेच पोचवायचं. चार ओळींचं काम. सव्वाचारला मीच फोन केला आणि आधी माफी मागितली.

"आता दाबा."

बाबांचे हात भाजीत तसेच थांबले.

"आलं मॅडम! थेट होकाराचंच आलं!" थोड्या वेळाने, "झालं. गेला होकार." आणि ती माझे आभार मानू लागली. ते माझे नव्हतेच. माझ्याकडूनही बाबांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला आणि जुन्या सवयीनं विचारलं, "कोणत्या कामानं आलती, माय?"

"नर्स व्हाले आलती, बाबाजी."

"मंग बराबर जागी आली," बाबा म्हणाले.