ओसरी नावाचा डबा

मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात वाढले. आमच्याकडे भूत नाही, भानामती नाही, दृष्ट काढणं नाही... शेजारच्या आंटींनी दाराला लिंबू-मिरची बांधली की मी आत येऊन हसायची. त्यामुळे हे इथे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय. पण मुलगी म्हणाली, "आई, लिहून टाक एकदाचं, नाहीतर मलाच परत परत सांगत बसशील." म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आलो आणि इकडचेच झालो. नोएडात अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. एकच मुलगी, प्रज्ञा, लग्न होऊन गुरुग्रामला असते. हे जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात मी आणि एअर प्युरिफायर.

ह्यांना दोन वेडं होती. एक लिनक्सचं, दुसरं मराठीचं. प्रज्ञा दिल्लीत वाढली, तिची मराठी अर्धी हिंदी. ओसरी, कालवण, उंबरठा... काही म्हणता काही माहीत नाही. म्हणून ह्यांनी तिच्यासाठी एकेक शब्द घेऊन, अर्थ सांगत, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायला घेतलं. ते सगळं ठेवलं एका काळ्या डब्यात. डबा म्हणजे टीव्हीखालचा छोटा लिनक्सचा कॉम्प्युटर, त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड. घरच्या वायफायवरून लॅपटॉपवर त्याच्या फायली उघडायच्या. नेटवर्कवर त्याचं नाव ठेवलं होतं ओसरी. "फ्लॅटला नाही तर नाही, नेटवर्कला तरी असू दे," म्हणायचे. आतल्या फोल्डरचं नाव बोली. ते होते तोवर प्रज्ञानं एकही शब्द ऐकला नाही. "बाद में, बाबा," ठरलेलं उत्तर.

मग तिला सातवा महिना लागला. एक दिवस फोनवर रडायलाच लागली. "आई, मला बाबांचा आवाज हवाय. डिलिव्हरीच्या आधी. मला खूप भीती वाटते गं." ह्यांना फोनवर व्हिडिओ काढून घेण्याचा भारी कंटाळा, त्यामुळे आवाज होता तो त्या डब्यातच.

आणि माझ्या मागे साडेसाती लागली. (बघा, साडेसाती न मानणारी बाई काय लिहितेय!)

माझ्या लॅपटॉपवरही ह्यांनी लिनक्स घालून दिलेलं, तेही मराठीतून. 'नेटवर्क'वर जावं तर कधी ओसरी दिसते, कधी नाही. का दिसते, का नाही, तिची ती जाणे. दिसली, बोलीवर क्लिक केलं, की खिडकी उघडते - अनामिक म्हणून जोडायचं की नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून? अहो, आमचं लग्नच नोंदणी पद्धतीनं झालेलं, आणखी किती नोंदणीकृत होऊ! ते निवडलं की नाव, डोमेन, पासवर्ड. आता डोमेन म्हणजे काय बाप्पा? रिकामं सोडलं. पासवर्डला ह्यांच्या ईमेलचा टाकला, प्रज्ञाचं नाव टाकलं, नागपूरच्या गल्लीचं नाव टाकलं... दर वेळी एकच उत्तर. परवानगी नाकारली.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय माझं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला काय लागतं ते मला कोणी शिकवू नये. पण आमच्याकडे निदान फाइल अडवणारा माणूस समोर दिसतो हो, त्याला चहा तरी पाजता येतो.

एका इंग्रजी फोरमवर विचारलं. उत्तर आलं की कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा, फाइल शेअरिंगचा वेगळा, आधी सेटिंगची फाइल दाखवा. अरे, ती फाइल आतच आहे, आणि आत जाता येत नाही म्हणून तर विचारतेय ना! मार्केटमधल्या रिपेअरवाल्याला डब्यातून येणारी टकटक ऐकवली. तो म्हणाला, "आंटी, डिस्क जा रही है. खोल दूँगा, पर डेटा की कोई गारंटी नहीं." मी डबा उचलून घरी आणला. रोज ऑफिसातून यायचं, चहा ठेवायचा आणि परवानगी नाकारून घ्यायची. इतकी थकले होते की सांगता सोय नाही.

असाच एक रविवार. बाहेर धुरकट, खिडक्या बंद. प्रज्ञा आली होती. दुपारभर दोघी डायनिंग टेबलावर लॅपटॉपपुढे बसलो. तीच खिडकी, तेच उत्तर. तेवढ्यात लाइट गेली. आमच्या सोसायटीत जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि घरातले दिवे-पंखे चालतात, टीव्हीकडचा सॉकेट नाही. म्हणजे डबा बंद, त्याच्या बाजूचा वायफायचा राउटर बंद. टकटकही थांबली. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू, पासवर्डची खिडकी तशीच उघडी.

"चलो, छोड़ो आई," प्रज्ञा उठली. तोंड एवढंसं झालेलं. खाली जावई गाडी घेऊन थांबला होता. ती दाराशी गेली, सँडल घातले आणि म्हणाली, "जाते मी."

लहानपणापासून ती असंच म्हणायची. हिंदीतलं 'जाती हूँ', दुसरं काय! आणि दर वेळी हे, असतील तिथून, तिला टोकायचे. ते ह्यांचं काम होतं, मी त्यात कधी पडले नाही.

टेबलावरून आवाज आला.

"जाते नाही माय. येते म्हणावं."

ह्यांचा आवाज. रेकॉर्डिंगसाठी हे घसा साफ करून रेडिओवाल्यासारखं बोलायचे, तसा नव्हे. जेवण झाल्यावर तोंडात बडीशेप असताना बोलायचे ना, तसा. थोडा वैतागलेला, मायेचा.

वाटलं, मला भास झाला. पण प्रज्ञा दाराला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "येते, बाबा," ती म्हणाली. लहान पोरीसारखी. मग पोट सांभाळत खाली बसली आणि आम्ही दोघी तिथेच, दारात, पोटभर रडलो. लॅपटॉपवर पासवर्डची खिडकी होती तशीच होती.

लाइट आल्यावर डबा काही सुरू झाला नाही. तो कायमचाच गेला. दुसऱ्या एका रिपेअरवाल्यानं डिस्क खोलून पाहिली, हाती काही लागलं नाही. ह्यांचे सगळे शब्द गेले. लॅपटॉपही सगळा धुंडाळला, त्यात ह्यांची एकसुद्धा फाइल नाही. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, मेमरी में कुछ रह गया होगा." मी म्हटलं, जे एकदाही उघडलं नाही ते राहील कसं रे? त्यानं डोकं खाजवलं, चहा घेतला आणि गेला.

डिलिव्हरी अवघड झाली. आयत्या वेळी सिझर ठरलं. स्ट्रेचर आत न्यायला लागले तेव्हा प्रज्ञाचा चेहरा शांत होता. नर्सनं दार ढकललं. प्रज्ञानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"येते गं, आई."

आणि आली. दोघी आल्या.