बारा मिनिटांचा दवाखाना

सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरना चोपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी व्हावं लागलं. मेट्रनची जागा रिकामी होणार होती, आणि डिजिटल व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पास झालेल्यांनाच ती मिळेल असं वरून पत्र आलं होतं. तीस वर्षं सिस्टरांचा या जागेवर डोळा होता. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, म्हणजे ही शेवटची संधी.

दर शनिवारी टाय लावलेले एक सर शिकवायला येत. ते पेशंटला ग्राहक म्हणत. "ग्राहक पुन्हा पुन्हा आपल्याकडे आला पाहिजे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"आमच्याकडे पुन्हा आला तर आम्ही विचारतो, गोळ्या घेतल्या नाहीत का," सिस्टर म्हणाल्या. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

परीक्षेऐवजी प्रकल्प होता: पेशंटचा थांबण्याचा वेळ कमी करून दाखवायचा. सिस्टरांनी कॉम्प्युटर उघडला. त्यांच्या दवाखान्यात माणूस सरासरी बारा मिनिटं थांबत होता. बाराचे दहा केले की काम फत्ते.

घरी त्यांनी हे थोरल्या बहिणीला सांगितलं. अक्काचे गुडघे कामातून गेले होते आणि दर मंगळवारी ती त्याच दवाखान्यात यायची.

"बारा?" भाजी निवडता निवडता अक्का म्हणाली. "मी आठला येते, साडेदहाला नंबर लागतो."

"बसून बसून तुला जास्त वाटतं."

"मग मंगळवारी रजा काढ आणि बस माझ्याशेजारी."

मंगळवारी सिस्टर साध्या कपड्यांत, तोंडाला मास्क लावून पायरीवर बसल्या. रांगेत माणसांऐवजी पिशव्या उभ्या होत्या. केसपेपरवाला बंद खिडकीमागे चहा पीत फाटकाकडे बघत होता. दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांची गाडी आत आली, तशी त्यानं खिडकी उघडली आणि पहिल्या पेशंटचं नाव टाइप केलं. कॉम्प्युटरचं घड्याळ तिथून सुरू व्हायचं.

त्याला झापायला सिस्टर उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. डॉक्टर आल्याशिवाय कागद करू नकोस, लोक कागद घेऊन डोकं खातात, असं त्याला अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच बजावलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्क होता ते बरं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी आठला उघडू लागली. महिन्याभरात सरासरी एकशे एकतीस मिनिटं झाली.

"मॅडम, वेळ कमी करायचा होता," सर आलेखाकडे बघत म्हणाले.

"तेवढाच आहे, सर. आता मोजतोय."

"याला गुण कुठल्या रकान्यात देऊ?"

"रकाना नसेल तर राहू द्या."

सरांनी राहू दिले. मेट्रनची जागा शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टरला मिळाली. तिथली सरासरी नऊ मिनिटं होती. तिथली खिडकी किती वाजता उघडते, हे मोठ्या सिस्टरांनी विचारलं नाही. ड्रेसिंगरूमचं दार लावून त्या एकदा मनसोक्त रडल्या, तोंड धुतलं आणि इंजेक्शनं द्यायला बाहेर आल्या.

पण एकशे एकतीस हा आकडा वरच्यांनाही दिसत होता. डॉक्टरांना फोन आला. दुसरा फोन जरा मोठ्या आवाजात आला. त्यानंतर डॉक्टर तोंड फुगवून का होईना, साडेआठला हजर होऊ लागले.

पुढच्या मंगळवारी अक्का नऊलाच गोळ्या घेऊन बाहेर आली. सिस्टर दारात उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं. तुझं मेट्रनचं?"

"नाही झालं."

अक्का दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि तिथेच बसली.

"गुडघा दुखतोय का?"

"नाही गं. आज वेळ आहे. बसते जरा तुझ्यापाशी."