मोगऱ्याखालची जाळी

लग्न होऊन मंचरला आले तेव्हा सासरच्या मागच्या अंगणात नुसती मोकळी जमीन होती. सासऱ्यांचा कांद्याचा व्यापार. आम्ही जैन, घरात कांदा शिजत नाही, पण गाळ्यावर त्याचेच ढीग. त्या जमिनीत मी मोगरा आणि गुलाब लावले. सासूबाई रोज सकाळी फुलं मंदिरात न्यायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मोगरा आडवा पडलेला दिसला. बुडाशी उकरलेली माती आणि कुरतडलेली मुळं. घूस लागली होती. आठवडाभरात गुलाबही गेला.

शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "औषध टाका की. लई दिवस न्हाई टिकायची."

"आमच्या घरात विष यायचं नाही," सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. विष मलाही नको होतं. पण बागही सोडायची नव्हती.

पिंजरा लावला. चपातीच्या तुकड्याला घूस सापडली. नवऱ्याने ती स्कूटरवरून गावाबाहेर ओढ्यापलीकडे सोडली. पण थोड्याच दिवसांत पुन्हा माती उकरलेली.

"तीच परत आली वाटतं," तो म्हणाला.

"नाहीतर तिची बहीण," मी म्हणाले आणि कुदळ मागितली.

गाळ्यामागे कांदा साठवायच्या चाळीची लोखंडी जाळी उरली होती. बारीक भोकांची, चांगली जाड. तीच वाफ्याच्या तळाशी अंथरायची असं मी ठरवलं. सासूबाई दारात आल्या.

"एवढं खणलंस तर किती जीव मरतील?"

"तुम्ही इथे बसा, आई. दिसेल तो जीव उचला. मी सावकाश खणते."

त्या खरंच पाट घेऊन बसल्या. गांडूळ दिसलं की म्हणायच्या, "थांब." अलगद उचलून तुळशीच्या कुंडीत ठेवायच्या. नवऱ्यानेही थोडं खणलं; कांद्याच्या लिलावाची वेळ झाली तसा तो गाळ्यावर गेला. उरलेलं मीच खणलं. हाताला फोड आले, त्यांवर फडकं गुंडाळलं. गुडघाभर खोल गेल्यावर तळाशी जाळी घातली, बाजूंनी वर काढली, तारेने बांधली आणि माती लोटून नवा मोगरा लावला.

घुशीने कडेने दोन-तीनदा उकरून पाहिलं. जाळी उघडी पडली, मी पुन्हा माती ओढली. शेवटी तिने नाद सोडला.

या उन्हाळ्यात मोगरा फुलला. गुलाबाचा वाफा अजून बाकी आहे. पाऊस लागायच्या आत तो पुरा करायचा, म्हणून मी रोज सकाळी थोडा थोडा खणते.